रणगाडाविरोधी अग्निबाण-प्रक्षेपक, फ्रेंच

एका सैनिकाला खांद्यावर घेऊन रणगाड्यावर डागता येईल, अशा अग्निबाण-प्रक्षेपकांची एक मालिका फ्रान्समध्ये १९५० नंतरच्या चार दशकांत निर्माण झाली. त्यांत ७३ मिमी. व ८९ मिमी. व्यासाचे दोन प्रक्षेपक, ११२ मिमी. व्यासाचे एकवार वापराचे ‘अपिलास’ आणि ‘एरिक्स’ हे तारनियंत्रित लघुपल्ल्याचे क्षेपणास्त्र ही शस्त्रे प्रमुख होत. या मालिकेचा इतिहास म्हणजे एका व्यस्त गणिताचा इतिहास आहे. रणगाड्याचे चिलखत दर पंधरा-वीस वर्षांनी अधिक अभेद्य होत गेले, परंतु सैनिकाच्या खांद्याची भार वाहण्याची क्षमता मात्र आहे तेवढीच राहिली.

पार्श्वभूमी : मे-जून १९४० मधील जर्मन आक्रमणाच्या वेळी फ्रेंच सैन्याजवळ रणगाडाविरोधी तोफा नव्हत्या असे नाही. हॉच्किस बनावटीची २५ मिमी. तोफ आणि तिच्याहून बरीच प्रभावी अशी ४७ मिमी. तोफ या दोन्ही त्या काळाच्या मानाने चांगल्या होत्या. परंतु २५ मिमी. तोफेचे वजनही पाच क्विंटलच्या आसपास होते. ती घोड्याने किंवा मोटारीने ओढावी लागे आणि मोर्चा मोडला की मागे टाकून द्यावी लागे. ज्या पलटणीजवळ अशी तोफ नसे, किंवा जिची तोफ निकामी झालेली असे, तिच्यातील सैनिकाच्या हाती रणगाड्याला रोखणारे जवळजवळ काहीच उरत नसे. ब्रिटिशांकडून मिळालेल्या काही बॉइज रायफलींनी ही उणीव भरून निघणे शक्य नव्हते. फ्रान्सच्या पराभवाची कारणे सेनापत्य, संदेशवहन, वायुदल अशा अनेक क्षेत्रांत शोधली जातात आणि ते योग्यच आहे. तथापि एकाकी पडलेल्या पायदळाला रणगाड्याची जी दहशत बसली, तिचा फ्रेंच सैनिकी विचारावर दीर्घकाळ परिणाम राहिला. युद्धोत्तर काळातील प्रत्येक फ्रेंच प्रक्षेपकामागे ती आठवण आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

या उणिवेवरील उपाय त्या वेळी फ्रान्समध्येच आकार घेत होता, ही त्यातील विसंगती. एद्गार ब्रांट हे पॅरिसमधील नामांकित लोहकाम-कलावंत होते. त्यांनी घडविलेली नक्षीदार लोखंडी दारे व जाळ्या आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. याच ब्रांट यांच्या कारखान्यातून आधुनिक ८१ मिमी. उखळी तोफही निघाली. युद्धाच्या तोंडावर तेथे पोकळ स्फोटकशीर्ष असलेल्या रायफल-ग्रेनेडवर काम चालू होते. स्विस अभियंता हेन्री मोहाउप्ट हेही त्याच तत्त्वावर प्रयोग करीत होते. पण मे १९४० पर्यंत यांपैकी काहीही पायदळाच्या हाती पडले नाही. मोहाउप्ट पुढे अमेरिकेत गेले व त्यांची कल्पना तेथे फळास आली.

कार्यतत्त्व : पोकळ स्फोटकशीर्षाचे तत्त्व समजल्याशिवाय या शस्त्रांचे व्यास का वाढत गेले, हे कळणार नाही. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स मन्‌रो यांना १८८८ मध्ये असे दिसले, की स्फोटकाच्या ठोकळ्यावर कोरलेली अक्षरे स्फोटानंतर खालच्या पोलादी पत्र्यावर उमटतात. म्हणजेच स्फोटकात जेथे पोकळी असते, तेथे स्फोटाची शक्ती एकवटते. पुढे या पोकळीला शंकूचा आकार देऊन तिला तांब्याचे किंवा अन्य धातूचे पातळ अस्तर लावण्यात आले. स्फोट होताच हे अस्तर कोलमडून आत ओढले जाते व त्याची एक बारीक, अतिवेगवान धार पुढे सुटते. तिच्या टोकाचा वेग सेकंदाला आठ ते दहा किमी. इतका असू शकतो. या वेगापुढे पोलाद घन पदार्थासारखे टिकत नाही, ते बाजूला सारले जाते.

येथे तोफगोळा आणि अग्निबाण यांत मूलभूत फरक पडतो. नेहमीचा चिलखतभेदी गोळा स्वतःच्या वेगाच्या बळावर घुसतो, म्हणून त्याला लांब व जड नळीची तोफ लागते. पोकळ शीर्षाला वेगाची गरज नसते. ते संथ गतीने येऊन आदळले तरी सारखेच छिद्र पाडते. त्यामुळे ते पातळ नळीतून, धक्का न देणाऱ्या अग्निबाणाच्या टोकावर बसवून डागता येते. मात्र त्याची भेदनक्षमता शंकूच्या व्यासावर अवलंबून असते. व्यासाच्या कितीपट जाडीचे पोलाद भेदले जाईल हे शीर्षाच्या घडणीवर ठरत असल्याने घडण सुधारली की हा पट वाढतो. ती सुधारणा संपली की व्यास वाढविण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शीर्ष वेगाने फिरत असेल तर धार विस्कटते. म्हणून हे अग्निबाण रायफलच्या गोळीप्रमाणे फिरवून नव्हे, तर शेपटाशी उघडणाऱ्या पंखांनी स्थिर ठेवले जातात.

लेस्ली स्किनर व एडवर्ड उल या अमेरिकन सैन्याधिकाऱ्यांनी १९४२ मध्ये ग्रेनेडचे असे शीर्ष अग्निबाणाला जोडून ६० मिमी. व्यासाचा प्रक्षेपक तयार केला. तत्कालीन एका विनोदी नटाच्या नळीवजा वाद्यावरून त्याला ‘बझूका’ हे नाव पडले. हस्तगत केलेल्या बझूकांवरून जर्मनांनी ८८ मिमी. व्यासाचा ‘पांत्सरश्रेक’ बनविला. शिवाय एकदा डागून फेकून देण्याचा ‘पांत्सरफाउस्ट’ही त्यांनी मोठ्या संख्येने वापरला. उत्तर आफ्रिकेत १९४३ नंतर अमेरिकन साहित्यावर पुन्हा उभ्या राहिलेल्या फ्रेंच सैन्याला बझूका प्रथम हाताळावयास मिळाली.

इंडोचायनातील अनुभव : या शस्त्राचा पहिला कटू धडा फ्रेंचांना शत्रूकडूनच मिळाला. फाम क्वांग ले हा व्हिएतनामी तरुण १९३५ पासून फ्रान्समध्ये अभियांत्रिकी शिकत व काम करीत होता. १९४६ मध्ये हो चि मिन्ह यांच्याबरोबर तो मायदेशी परतला आणि चान दाइ न्गिआ या नावाने व्हिएतमिन्हच्या शस्त्रनिर्मितीचा प्रमुख झाला. अपुरी यंत्रे आणि तुटपुंजा कच्चा माल यांच्या साहाय्याने त्याने जंगलातील कारखान्यात बझूकाची नक्कल उतरविली. १९४७ च्या आरंभी हनोईच्या परिसरात त्या प्रक्षेपकांनी फ्रेंच चिलखती वाहनांवर यशस्वी मारा केला. फ्रेंच विद्यालयांत मिळविलेले ज्ञान फ्रेंच चिलखताविरुद्ध वापरले गेले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मोठ्या औद्योगिक राष्ट्राचा रणगाडा आणि जंगलातील पायदळी सैनिक यांच्यातील अंतर हे शस्त्र किती कमी करते, ते येथे स्पष्ट झाले.

पहिला प्रक्षेपक : फ्रान्सचा स्वतःचा पहिला प्रक्षेपक ७३ मिमी. व्यासाचा असून ‘१९५० नमुना’ या नावाने तो ओळखला जातो. त्याचे फ्रेंच नाव ‘लांस-रोकेत आंतीशार’, म्हणजे रणगाडाविरोधी अग्निबाण-प्रक्षेपक. याच्या आद्याक्षरांवरून ‘एलआरएसी’ हे संक्षिप्त नाव रूढ झाले व ते पुढील नमुन्यांनाही लागू राहिले. योगायोगाने त्याच वर्षी कोरियात ६० मिमी. बझूकाची मर्यादा उघडी पडली. ५ जुलै १९५० रोजी ओसानजवळ अमेरिकन सैनिकांनी टी-३४ रणगाड्यांवर अगदी जवळून मारलेले अग्निबाण निष्फळ ठरले. त्यानंतर ८९ मिमी. व्यासाची मोठी बझूका तेथे घाईघाईने पोहोचविण्यात आली. ७३ मिमी. व्यास हा या दोहोंमधला होता आणि म्हणून तो फार काळ पुरणारा नव्हता.

अल्जीरियाच्या युद्धात (१९५४–६२) शत्रूजवळ रणगाडेच नव्हते. तेथे हे प्रक्षेपक गुहा, दगडी भिंती व मोर्चे फोडण्यासाठी वापरले गेले. रणगाड्यासाठी घडविलेले शस्त्र प्रत्यक्षात इतर लक्ष्यांवरच अधिक डागले जावे, हा अनुभव पुढेही अनेक युद्धांत आला. प्रक्षेपकाबरोबर धूर, प्रकाश व मनुष्यविरोधी असे निरनिराळे अग्निबाण पुरविण्याची प्रथा पडली, तिच्यामागे हे कारण आहे.

याच काळात फ्रेंच पायदळाने रायफल-ग्रेनेडवरील आपले जुने प्रेमही सोडले नाही. पहिल्या महायुद्धातील व्हिव्हेन-बेसिएर ग्रेनेडपासून ही परंपरा चालत आलेली होती व फामास रायफलीच्या काळापर्यंत ती टिकली. प्रत्येक सैनिकाच्या रायफलीवर एक छोटे रणगाडाविरोधी शीर्ष बसविता यावे, ही त्यामागील कल्पना. तिच्यात सोय मोठी होती, परंतु खऱ्या रणगाड्याच्या पुढच्या चिलखतापुढे तिचा निभाव लागत नसे.

क्षेपणास्त्रे आणि मोकळा पट्टा : रणगाडाविरोधी नियंत्रित क्षेपणास्त्रांच्या क्षेत्रात फ्रान्स त्या वेळी जगात आघाडीवर होता. नॉर कंपनीचे ‘एसएस-१०’ हे १९५५ च्या सुमारास सेवेत आले व १९५६ च्या सिनाई युद्धात इस्राएलने ते वापरले. त्यामागून एसएस-११ व एन्तॅक ही क्षेपणास्त्रे आली. पण पाठीमागे उलगडत जाणाऱ्या तारेतून छोट्या दांडीने चालविण्याची ही क्षेपणास्त्रे सुटल्यावर नियंत्रकाच्या हाती यावयास काही अंतर जावे लागे. पहिले सु. ३०० ते ४०० मी. ती जवळजवळ निरुपयोगी असत. हा मोकळा पट्टा भरून काढण्याचे काम खांद्यावरील प्रक्षेपकाकडे आले आणि पुढील सर्व फ्रेंच शस्त्रांची अपेक्षा याच पट्ट्याने ठरविली.

एलआरएसी एफ-१ : १९६० नंतरच्या दशकात स्त्रिम या संस्थेने ८९ मिमी. व्यासाचा नवा प्रक्षेपक विकसित केला. पुढे लुशेर या कंपनीने त्याचे उत्पादन केले. निर्यातीसाठी तो ‘एसीएल-स्त्रिम’ या नावानेही प्रसिद्ध होता. १९७० च्या सुमारास तो फ्रेंच पायदळात रुजू झाला व सु. दोन दशके तुकडीचे मुख्य रणगाडाविरोधी शस्त्र राहिला. या मालिकेतील सर्वांत समतोल शस्त्र निवडावयाचे झाल्यास याचेच नाव घ्यावे लागेल.

त्याची नळी धातूची नसून काचतंतू व प्लॅस्टिक यांची आहे. लांबी सु. १.१७ मी. व रिकामे वजन सु. ५ किग्रॅ. अग्निबाण ज्या हवाबंद नळकांड्यातून पुरविला जातो, तेच नळकांडे प्रक्षेपकाच्या मागील तोंडाला अडकवून फिरविले की घट्ट बसते. त्याच वेळी विद्युत् जोडणीही पूर्ण होते. अशा रीतीने वेष्टनच नळीचा मागचा भाग बनते आणि एकूण लांबी सु. १.६ मी. होते. अग्निबाण बाहेर काढून नळीत सरकविणे व मागच्या बाजूस हाताने तारा जोडणे, हा बझूकामधील वेळखाऊ खटाटोप येथे टळला. चिखल, पाऊस व हाताळणी यांपासूनही अग्निबाण शेवटच्या क्षणापर्यंत सुरक्षित राहिला. नेमबाज व भरणारा अशी दोघांची जोडी मिनिटाला तीन-चार अग्निबाण डागू शके.

अग्निबाणाचे वजन सु. २.२ किग्रॅ., तर नळकांड्यासह ते सु. ३.२ किग्रॅ. भरते. त्याचा मुखवेग सेकंदाला सु. २९५ मी. असून त्यातील इंधन नळीतच संपूर्ण जळून जाते. त्यामुळे नेमबाजाच्या चेहऱ्यावर ज्वाळा येत नाही. बझूका डागणाऱ्यांना हा धोका नेहमी असे. शीर्षाची भेदनक्षमता सु. ४०० मिमी. पोलाद किंवा सु. एक मी. काँक्रीट इतकी सांगितली जाते. म्हणजे व्यासाच्या साडेचारपट, आणि त्या काळी ही कामगिरी उत्तम होती.

मात्र भेदणे व लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तांत्रिक माहितीपत्रकांत पहिल्या आकड्यावर भर असतो. रणांगणावर दुसरा प्रश्न अधिक बिकट ठरतो. ताशी ३६ किमी. वेगाने आडवा जाणारा रणगाडा सेकंदाला १० मी. पुढे सरकतो. ३०० मी. अंतर कापण्यास अग्निबाणाला एक सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणून नेम रणगाड्याच्या पुढे, त्याच्या लांबीच्या दीडपटीहून जास्त अंतरावर धरावा लागतो. ५०० मी.वर हे अंतर जवळजवळ दुप्पट होते आणि आडव्या वाऱ्याचा परिणामही जाणवू लागतो. रणगाड्याचे अंतर, वेग आणि दिशा यांचा अंदाज नेमबाजाला नुसत्या डोळ्यांनी व काचेवरील रेषांनी बांधावयाचा असतो, तोही बंदुकांच्या माऱ्यात. शिवाय प्रक्षेपकाच्या मागून उडणारा वायूचा लोट व धूळ यांमुळे पहिल्या माऱ्याबरोबरच त्याची जागा शत्रूला कळते. दुसऱ्या माऱ्यासाठी तो जिवंत राहील याची शाश्वती नसते. म्हणूनच कागदोपत्री पल्ला पाचशे-सहाशे मी. असला, तरी कसलेला नेमबाज रणगाडा त्याच्या निम्म्या अंतरात येईपर्यंत थांबणे पसंत करी. एवढा वेळ थांबण्याचे धैर्य कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

हलकी शस्त्रे : ब्रांट यांच्या जुन्या कारखान्याचा वारसा सांगणाऱ्या हॉच्किस-ब्रांट कंपनीने ‘सारपाक’ हा ६८ मिमी. व्यासाचा, दुर्बिणीप्रमाणे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा प्रक्षेपक सादर केला. त्याचे रिकामे वजन दोन किग्रॅ.हूनही कमी होते. पल्ला मात्र दीडशे-दोनशे मी.पुरताच होता. लुशेर कंपनीने १९८० नंतरच्या दशकात ‘वास्प’ हे ५८ मिमी.चे एकवार वापराचे छोटे शस्त्र आणले. दोन्ही शस्त्रे कल्पक होती, पण हलक्या वाहनांपलीकडे त्यांचा उपयोग मर्यादित असल्याने त्यांना मोठे स्थान मिळाले नाही.

अपिलास : १९७० नंतर सोव्हिएट रणगाड्यांच्या चिलखतात मोठा बदल घडून आला. टी-६४, टी-७२ व टी-८० या रणगाड्यांच्या पुढील भागात केवळ पोलाद नव्हते. पोलादाच्या थरांमध्ये अन्य पदार्थ भरलेले संयुक्त चिलखत त्यांत होते व पोकळ शीर्षाच्या धारेला ते विशेष चांगले रोखत असे. ४०० मिमी. भेदन समोरून अपुरे पडू लागले. फ्रेंच उद्योगसंस्थांनी एकाच वेळी अनेक उत्तरे पुढे केली. युरोपियन प्रॉपल्शन कंपनीचे १२० मिमी. व्यासाचे ‘दार’ आणि लुशेर व पश्चिम जर्मनीतील एका कंपनीने मिळून केलेले ‘ज्युपिटर’ ही त्यांपैकी दोन होत. त्यांतून पसंती मिळाली ती मात्रा-मान्युरँ यांच्या ‘अपिलास’ला.

अपिलास ११२ मिमी. व्यासाचे असून केव्हलारसारख्या चिवट तंतूंपासून बनविलेल्या नळीत अग्निबाण कारखान्यातच भरलेला असतो. डागल्यावर नळी टाकून द्यावयाची. भेदनक्षमता ७०० मिमी.हून अधिक व पल्ला सु. ३०० मी. नळीतून बाहेर पडल्यावर सु. २५ मी. गेल्यानंतरच शीर्ष सज्ज होते. एक लाखाहून अधिक नग तयार झाले. फ्रेंच सैन्याखेरीज फिनलंडने ते मोठ्या प्रमाणावर स्वीकारले.

परंतु त्याचे वजन सु. ९ किग्रॅ. आणि मारा एकच. येथे जुन्या प्रक्षेपकाशी तुलना केल्यास फरक लक्षात येतो. एलआरएसी व चार अग्निबाण मिळून सु. १८ किग्रॅ. होत, तर चार अपिलासचे ३६ किग्रॅ. म्हणजे भेदनशक्ती पावणेदोनपट मिळविण्यासाठी तुकडीला दुप्पट ओझे उचलावे लागले, किंवा मारे निम्मे करावे लागले. त्याचा आवाज तर इतका तीव्र आहे, की कानांच्या संरक्षणासाठी शांतताकाळात प्रत्यक्ष अग्निबाण डागण्यावर कडक मर्यादा घालाव्या लागल्या. परिणामी सराव बहुतांशी लहान व्यासाच्या पर्यायी साधनांवर झाला. जे शस्त्र सैनिकाने आयुष्यात क्वचितच डागले आहे, त्याच्यावर तो ऐन प्रसंगी किती विसंबेल, हा प्रश्न रास्त होता. चिलखताशी स्पर्धा करताना सैनिकाच्या शरीराची मर्यादा ओलांडली गेली, ती या टप्प्यावर.

एरिक्स : नेम चुकण्याच्या प्रश्नावर एअरोस्पासिआलने वेगळे उत्तर शोधले. एरिक्स हे ५० ते ६०० मी. पल्ल्याचे तारनियंत्रित क्षेपणास्त्र होय. नेमबाजाने दुर्बिणीतील खूण लक्ष्यावर धरून ठेवावयाची, क्षेपणास्त्राला त्या रेषेवर आणण्याचे काम यंत्रणा करते. ते अत्यंत मंद वेगाने, सेकंदाला सु. १८ मी.ने नळीबाहेर पडते आणि मग त्याचे मुख्य एंजिन पेटते. मागील वायूचा लोट सौम्य असल्याने ते बंद खोलीतूनही डागता येते. शहरातील लढाईत ही सोय निर्णायक असते, कारण बझूकापासून एलआरएसीपर्यंतचा कोणताही प्रक्षेपक खोलीत डागल्यास तो डागणाऱ्यालाच घातक ठरे. एकामागे एक अशा दोन शीर्षांमुळे स्फोटक विटांनी मढविलेले प्रतिक्रियाशील चिलखतही ते भेदू शके. भेदनक्षमता सु. ९०० मिमी. होती.

१९८९ मध्ये कॅनडा या प्रकल्पात भागीदार झाला व १९९० नंतरच्या दशकात शस्त्र सेवेत आले. नॉर्वे व मलेशिया यांनीही ते घेतले. पण क्षेपणास्त्र सु. १३ किग्रॅ. आणि डागण्याचे यंत्र त्याहून वेगळे. खांद्यावर घेता येते हे खरे, तरी ते व्यवहारात तिवईवर ठेवूनच अधिक वापरले गेले. शिवाय ६०० मी. उड्डाणाला चार सेकंदांहून अधिक काळ लागतो व तेवढा वेळ नेमबाजाला उघड्यावर स्थिर राहावे लागते. किंमतही अग्निबाणाच्या मानाने कितीतरी अधिक होती. सोव्हिएट रणगाड्यांच्या लाटेची शक्यता १९९१ नंतर मावळल्यावर एवढ्या लघुपल्ल्याच्या क्षेपणास्त्रावर खर्च का करावा, हा प्रश्न प्रत्येक अंदाजपत्रकात उभा राहू लागला. २०१० नंतरच्या दशकात फ्रान्स व कॅनडा या दोघांनीही ते सेवेतून काढले.

उत्तरकाल : एलआरएसी व अपिलास यांची जागा फ्रेंच पायदळात प्रामुख्याने साब कंपनीच्या ८४ मिमी. ‘एटी-४’ या स्वीडिश शस्त्राने घेतली. फ्रान्सने त्याचा बंदिस्त जागेतून डागता येणारा प्रकार निवडला. त्यात मागे उडणारा वायू रोखण्यासाठी खारे पाणी भरलेले असते. २०१९ मध्ये पुढील पिढीसाठीही एटी-४ चाच सुधारित नमुना निवडण्यात आला. लुशेर व मात्रा-मान्युरँ यांचे संरक्षण-विभाग तोपर्यंत जियात या शासकीय संस्थेत विलीन होऊन बराच काळ लोटला होता आणि त्या प्रकारच्या शस्त्रांची आखणी देशात जवळजवळ थांबलेली होती. क्षेपणास्त्रांच्या क्षेत्रात मात्र फ्रान्सने आपली परंपरा सोडली नाही. मिलान या फ्रेंच-जर्मन क्षेपणास्त्राच्या जागी २०१७ पासून नवे फ्रेंच क्षेपणास्त्र दाखल झाले.

भारताचा या फ्रेंच विद्येशी संबंध क्षेपणास्त्रांच्या मार्गानेच आला. १९७० मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेल्या भारत डायनॅमिक्स या शासकीय उद्योगाने प्रथम एसएस-११ व नंतर मिलान या क्षेपणास्त्रांचे परवान्याखाली उत्पादन केले. भारतीय पायदळाने खांद्यावरील शस्त्र म्हणून स्वीडनची ८४ मिमी. कार्ल गुस्ताफ ही धक्कारहित तोफ पसंत केली. ८९ मिमी. फ्रेंच प्रक्षेपक भारतीय सेनेच्या साहित्यात आला नाही. पूर्वीच्या फ्रेंच वसाहतींपैकी अनेक आफ्रिकी देशांच्या सैन्यांत मात्र फ्रान्सने तो सेवेतून काढल्यावरही तो दीर्घकाळ वापरात राहिला, आणि तेथेही त्याचे लक्ष्य रणगाड्यापेक्षा मालमोटारी व भिंतीच अधिक होत्या.